फेटचं ‘मॉलिक्यूल शेप्स’: लोन पेअर जागा धरते हे दिसतं, किती धरते हे शोधावं लागतं

पाण्याच्या ऑक्सिजनवर दोन बाँड पेअर (बंधातल्या इलेक्ट्रॉन-जोड्या) आणि दोन लोन पेअर (बंधाबाहेरच्या एकाकी जोड्या), हे अकरावीतली बहुतेक मुलं वहीत बरोबर काढतात. गाडी अडते ती पुढे. वहीत हायड्रोजन डावी-उजवीकडे, ठिपक्यांच्या जोड्या वर आणि खाली. कागदावर कोन दिसतो १८०, पुस्तक म्हणतं १०४.५. मग मुलं तो आकडा पाठ करतात आणि पुढच्या रेणूला पुन्हा तिथेच अडकतात. एकाकी जोडी बंधात भाग घेत नाही, पण जागा मात्र धरून बसते, हे सपाट कागदावर दाखवता येत नाही. त्यासाठी तीन मिती लागतात.

ही अडचण सोडवायला शिक्षकांच्या हाती सगळ्यात सहज येणारी वस्तू म्हणजे फेटचं ‘मॉलिक्यूल शेप्स’ हे सिम्युलेशन. फेट हा विज्ञानाची सिम्युलेशन्स बनवणारा प्रकल्प अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत २००२ मध्ये सुरू झाला. तो सुरू करणारे कार्ल वीमन यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सिम्युलेशन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिन मागत नाही. पण फुकटचं आणि देखणं आहे म्हणून त्यातलं सगळंच जसंच्या तसं घ्यावं असं नाही. पहिल्या स्क्रीनवर एक मोठी मेख आहे आणि ती ठाऊक नसली तर हेच सिम्युलेशन मुलांच्या डोक्यात चुकीचा आकडा पक्का करतं.

उघडल्यावर दोन स्क्रीन दिसतात, ‘मॉडेल’ आणि ‘रिअल मॉलिक्यूल्स’. मॉडेलमध्ये मधोमध जांभळा केंद्रीय अणू असतो आणि त्याला आधीच दोन सिंगल बाँड लावलेले असतात. उजवीकडच्या पट्टीत सिंगल, डबल, ट्रिपल बाँड आणि त्यांच्या खाली लोन पेअर. ज्यावर टिचकी माराल ते अणूला चिकटतं आणि बाकीचे सगळे सरकून जागा करून देतात. इथेच या सिम्युलेशनचे पैकीच्या पैकी गुण. दोन बाँड १८० अंशांवर शांत असतात. एक लोन पेअर लावली की ते दोघे दुसऱ्या बाजूला ढकलले जातात, दुसरी लावली की आणखी जवळ येतात. लोन पेअर फुगीर पाकळीसारखी दिसते आणि तिच्यात दोन इलेक्ट्रॉनचे ठिपके असतात. माउसने एखादा अणू किंवा ती पाकळीच धरून ओढली तर बाकीच्या जोड्या अंग चोरतात. सोडली की सगळं पुन्हा जागेवर. जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात, हे वाक्य इथे हातानं ओढून पाहता येतं.

वर्गात दाखवायचं असेल तर सगळ्यात उपयोगी पडतो तो लोन पेअर लपवण्याचा चौकोन. दोन सिंगल बाँड आणि दोन लोन पेअर लावा, मग ‘शो लोन पेअर्स’वरची खूण काढा. पाकळ्या गायब होतात, रेणू मात्र वाकलेलाच राहतो. आता विचारा, हा सरळ का होत नाही? उत्तर आलं की खूण परत लावा. डावीकडे खाली नावांच्या पट्टीत ‘मॉलिक्यूल जॉमेट्री’ आणि ‘इलेक्ट्रॉन जॉमेट्री’ असे दोन वेगळे चौकोन आहेत. मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ याच दोन नावांचा असतो. लोन पेअर मोजून आलेली रचना चतुष्फलकीय, नुसते अणू पाहून आलेला आकार वाकडा. आधी फक्त इलेक्ट्रॉन जॉमेट्री चालू ठेवावी, मुलांकडून रेणूचा आकार वदवून घ्यावा आणि मगच दुसरी खूण करावी. दोन्ही एकदम चालू ठेवलं की पोरं पडद्यावरून वाचून दाखवतात, विचार कुणी करत नाही.

आता ती मेख. याच स्थितीत ‘शो बाँड अँगल्स’ लावा. आकडा येतो १०९.५. दोन लोन पेअर असूनही १०९.५! एक बाँड वाढवून एक लोन पेअर काढली, म्हणजे अमोनियाची रचना केली, तरी १०९.५. म्हणजे मॉडेल स्क्रीनवर लोन पेअर आणि बाँड पेअर यांचं वजन सारखंच धरलेलं आहे. जोड्या किती आहेत एवढंच तिथे मोजलं जातं. लोन पेअर जास्त ढकलते, हा व्हीएसईपीआरचा (जोड्यांच्या एकमेकींना ढकलण्यावरून रेणूचा आकार सांगणाऱ्या सिद्धान्ताचा) अर्धा जीव तिथे नाही. सिजविक आणि पॉवेल या रसायनशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये जोड्यांच्या संख्येवरून आकार सांगितला. लोन पेअर आणि बाँड पेअर यांच्या ढकलण्यात फरक करून त्याला आजचं रूप दिलं ते गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये. मॉडेल स्क्रीन १९४० पाशी थांबते असं म्हटलं तरी चालेल. डबल बाँडचंही तेच. सिंगलच्या जागी डबल किंवा ट्रिपल लावला तरी कोन ढिम्म हलत नाही. एक बंध, मग तो कितीही पदरी असो, एकच जागा, हे शिकवायला ते चांगलं आहे. पण डबल बाँड थोडा जास्त ढकलतो हे त्यातून कळणार नाही.

आणखी एक. ही स्क्रीन इलेक्ट्रॉन मोजत नाही. केंद्रीय अणूला चार ट्रिपल बाँड लावले तरी ती हरकत घेत नाही. अष्टक, संयुजा, प्रभार, कशाचाच हिशेब नाही. फक्त एकूण जागा सहापर्यंत मर्यादित आहेत, त्यामुळे आयोडीन हेप्टाफ्लोराइड बसत नाही. म्हणून ‘उत्तर बरोबर आलं का ते फेटवर तपासा’ असं मुलांना सांगू नये. वहीतली मोजणी चुकली तर सिम्युलेशन त्या चुकीचा सुबक आकार काढून देईल.

खरा माल दुसऱ्या स्क्रीनवर आहे. ‘रिअल मॉलिक्यूल्स’मध्ये १३ रेणूंची यादी मिळते: पाणी, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, झेनॉन डायफ्लोराइड, बोरॉन ट्रायफ्लोराइड, क्लोरीन ट्रायफ्लोराइड, अमोनिया, मिथेन, सल्फर टेट्राफ्लोराइड, झेनॉन टेट्राफ्लोराइड, ब्रोमीन पेंटाफ्लोराइड, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड. निवड कुणीतरी विचार करून केलेली आहे. जवळजवळ प्रत्येक आकाराला एक रेणू, आणि लोन पेअरची संख्या शून्यापासून तीनपर्यंत. वर ‘रिअल’ आणि ‘मॉडेल’ अशी दोन बटणं आहेत. याच बटणांसाठी हे सिम्युलेशन उघडावं. कोन चालू ठेवून दोन्हींमध्ये पुढेमागे करत राहा.

मिथेन: दोन्हीकडे १०९.५. लोन पेअर नाही, फरक नाही. पाणी: मॉडेल १०९.५, रिअल १०४.५. अमोनिया या दोघांच्या मध्ये, १०७ च्या आसपास. इथपर्यंत पुस्तकातलंच आहे. पुढे सल्फर टेट्राफ्लोराइड काढा. मॉडेलमध्ये मधल्या पट्ट्यातले दोन फ्लोरीन १२० अंशांवर आणि वर-खालचे दोन एका रेषेत, १८० वर. रिअलला गेलात की मधला कोन थेट १०१-१०२ वर येतो आणि वरखालचे दोघे १७३ पर्यंत वाकतात. एकटी लोन पेअर चारही फ्लोरीनना मागे रेटते आहे, हे बटण दाबल्याच्या त्या क्षणी डोळ्यांना दिसतं. ‘सी-सॉ’ हे नाव का पडलं हेही मग वेगळं सांगावं लागत नाही. रेणू आडवा फिरवून दाखवला की पुरे.

ब्रोमीन पेंटाफ्लोराइडमध्ये टोकाच्या फ्लोरीनपासून पायाच्या फ्लोरीनपर्यंतचा कोन ९० वरून ८५ च्या किंचित खाली उतरतो. बाजूनं पाहिलं तर पायाचे चारही फ्लोरीन छत्री उलटी व्हावी तसे लोन पेअरपासून दूर, टोकाच्या फ्लोरीनकडे झुकलेले दिसतात. क्लोरीन ट्रायफ्लोराइडच्या इंग्रजी टीचे दोन्ही हात ९० वरून ८७.५ वर येतात.

मग झेनॉन टेट्राफ्लोराइड. दोन लोन पेअर, तरीही मॉडेल आणि रिअल दोन्हीकडे ९०. झेनॉन डायफ्लोराइडवर तर तीन लोन पेअर, आणि कोन जिथल्या तिथे, १८०. नेमका इथे वर्ग बुचकळ्यात पडतो. पडू द्यावा. रेणू फिरवला की उत्तर समोर असतं: टेट्राफ्लोराइडमधल्या दोन पाकळ्या चौकोनाच्या बरोबर वर आणि खाली, डायफ्लोराइडमधल्या तीन पाकळ्या कमरेभोवती सारख्या अंतरावर. ढकलणं सगळीकडून सारखं, त्यामुळे ते एकमेकांना रद्द करतं. लोन पेअर आली की कोन कमी होतो, हा पाठ केलेला नियम या दोन रेणूंपाशी कोसळतो, आणि तो कोसळलेला बरा. सल्फर डायऑक्साइडही असाच फसवा आहे. लोन पेअर आहे, पण कोन १२० पेक्षा जेमतेम अंशभर कमी. ऑक्सिजनकडच्या बंधांत इलेक्ट्रॉनची गर्दी जास्त असल्यानं तेही लोन पेअरला तोडीस तोड रेटतात.

पाच जागांच्या रचनेत लोन पेअर नेहमी मधल्या पट्ट्यात बसते. सिम्युलेशन तिला तिथे आपोआप बसवतं, कारण सांगत नाही. ते फळ्यावर करावं लागेल. ९० अंशांवरचे शेजार मोजायचे, १२० चे सोडून द्यायचे. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये लोन पेअर टोकाला ठेवली तर तिला ९० अंशांवर तीन बाँड पेअर शेजारी येतात, मधल्या पट्ट्यात ठेवली तर दोनच. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये तीन पर्याय आहेत. दोन्ही लोन पेअर टोकांना: लोन-बाँड शेजार सहा. एक टोकाला, एक मध्ये: लोन-बाँड तीनच, पण एक लोन-लोन शेजार ९० वर येतो आणि तो सगळ्यात महाग. दोन्ही मध्ये: लोन-बाँड चार, लोन-लोन एकही नाही. म्हणून टी. बरीच मुलं ‘तीन हे चारपेक्षा कमी’ असं म्हणून मधला पर्याय निवडतात. लोन-लोनचा शेजार आधी पाहायचा हे त्यांना दोनदा सांगावं लागतं.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनं या स्क्रीनवरचा एक चौकोन सोन्यासारखा आहे, ‘शो ऑल लोन पेअर्स’. एरवी फक्त केंद्रीय अणूच्या लोन पेअर दिसतात. हा लावला की बाहेरच्या अणूंवरच्याही उमटतात. ‘या रेणूत एकूण लोन पेअर किती’ असा प्रश्न आला की मुलं केंद्रीय अणूच्या तेवढ्या मोजतात आणि गुण घालवतात. मोजायची पद्धत सोपी आहे. सगळ्या अणूंच्या संयुजा इलेक्ट्रॉनांची बेरीज करा, दोनानं भागा, आलेल्या जोड्यांमधून बंधांच्या जोड्या वजा करा. झेनॉन टेट्राफ्लोराइड: ८ अधिक ४ गुणिले ७, म्हणजे ३६ इलेक्ट्रॉन, १८ जोड्या, ४ बंधात, उरल्या १४. त्यातल्या २ झेनॉनवर, १२ फ्लोरीनवर. याच हिशेबानं झेनॉन डायफ्लोराइडला ९, क्लोरीन ट्रायफ्लोराइडला ११, सल्फर टेट्राफ्लोराइडला १३, ब्रोमीन पेंटाफ्लोराइडला १६. आधी वहीत आकडा, मग खूण लावून पडद्यावर मोजणी. मोजताना रेणू पूर्ण फिरवा, कारण मागच्या अणूंच्या पाकळ्या पुढच्यांच्या आड जातात आणि १६ च्या १४ होतात.

सल्फर डायऑक्साइडला मात्र जपून. दोन्ही बंध डबल धरले तर लोन पेअर ५. एक डबल, दुसरा समन्वयी (जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूनं दिलेला सिंगल बाँड) धरला तर ६. पडद्यावर दिसतं ते रेझोनन्सच्या, म्हणजे एकाच रेणूच्या अनेक शक्य चित्रांपैकी एकच. तुमचं पाठ्यपुस्तक कोणतं चित्र वापरतं ते आधी बघा, नाहीतर वर्गात वाद सुरू होतो आणि तास संपतो.

यादीत काय नाही, तेही सांगायला हवं. आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, एकही नाही. अमोनियम, हायड्रोनियम, ट्रायआयोडाइड यांच्यावर प्रश्न हमखास येतात, आणि ते इथे नुसत्या आकारापुरते मॉडेल स्क्रीनवर जुळवावे लागतात. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड नाही, ही जास्त मोठी उणीव. अमोनिया १०७ आणि तो १०२, दोन्हींवर एकच लोन पेअर. फ्लोरीन बाँड पेअर स्वतःकडे ओढून घेतो, नायट्रोजनजवळची गर्दी कमी होते, लोन पेअरला रेटायला जागा मिळते. हायड्रोजन सल्फाइड (९२) आणि फॉस्फीन (९३ च्या पुढे) हेही नाहीत. जिथे ढकलण्याच्या नियमावर एवढा मोठा फरक समजावणं जड जातं आणि ‘सल्फर, फॉस्फरस संकरण (कक्षकांची सरमिसळ) फारसं करत नाहीत’ असं म्हणावं लागतं, ते रेणू यादीबाहेर राहिलेत. सिम्युलेशन नियम पाळणाऱ्या रेणूंचं आहे, हे लक्षात ठेवून वापरावं.

लोन पेअर जास्त जागा घेते तेव्हा काय होतं हे हातानं दाखवायचं तर फुगे घ्या. गंमत म्हणजे मॉडेल स्क्रीन जे दाखवत नाही ते फुगे दाखवतात. चार गोल फुगे, दोरी आणि मोजायला सुतळी. दोन फुगे ४० सेंटिमीटर घेराचे फुगवा (बाँड पेअर), दोन ५५ सेंटिमीटरचे (लोन पेअर). मोठे दोन मानेपाशी एकमेकांना गच्च बांधा, छोटे दोन तसेच. मग दोन्ही जोड्या गाठीपाशी एकमेकींत एक पीळ देऊन अडकवा. चौघे आपोआप चतुष्फलकात बसतात आणि छोटे दोघे चिमटीत धरल्यासारखे जवळ येतात. शेजारी चार सारख्या फुग्यांचा संच ठेवा, फरक शेवटच्या बाकावरूनही दिसतो. गाठ सैल राहिली तर फुगे घसरून एका पातळीत येतात आणि प्रयोग फसतो. पाच फुग्यांना कधी कधी चौकोनी पायाच्या पिरॅमिडसारखा आकार येतो. एक फुगा हलकेच दाबला की ते द्विपिरॅमिडमध्ये उडी मारतात. आकार टणक नसतो, जोड्यांच्या ओढाताणीतून ठरतो, हे त्या उडीत दिसतं.

प्लास्टिकच्या चेंडू-काड्यांच्या संचाशी तुलना केली तर सेंद्रिय रसायनासाठी संच हवाच, लोन पेअरसाठी मात्र तो तोकडा पडतो. लाल ऑक्सिजनला दोन भोकं असतात आणि त्यांचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. मुलानं काड्या खोचल्या की पाणी वाकडं तयार होतं, पण का वाकडं याचा मागमूस नाही. काही संचांत लोन पेअरसाठी वेगळ्या पाकळ्या येतात. घेणार असाल तर तेच बघा आणि नायट्रोजन-ऑक्सिजनच्या चेंडूंना चार भोकं आहेत ना, हे डबा उघडून खात्री करून घ्या.

वापरायच्या चार गोष्टी. सिम्युलेशन संकेतस्थळावरून फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर नेता येतं आणि इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतं; प्रयोगशाळेतल्या नेटच्या भरवशावर तास ठेवू नका. संगणक फार जुना असेल आणि वेबजीएल (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं दाखवणारं तंत्र) चालत नसेल तर रेणू फिरवताना अडखळतो, म्हणून आदल्या दिवशी त्याच यंत्रावर उघडून बघावं. तीन किंवा जास्त बंध असले की रेणू फिरवताना काही कोनांचे आकडे फिकट होतात. तो बिघाड नाही. जो कोन कडेनं दिसतो त्याचा आकडा मुद्दाम पुसट केला जातो. आकडा हवा असेल तर तो कोन समोर येईल असा रेणू वळवा. मोबाइलवरही चालतं, पण बोटानं नेमकी पाकळी पकडणं कटकटीचं आहे, टॅबलेट बरा.

आणि शोधताना नाव पूर्ण वाचा. ‘मॉलिक्यूल शेप्स: बेसिक्स’ नावाचं धाकटं सिम्युलेशन यादीत याच्या शेजारीच दिसतं. चित्र तेच, रंग तेच, आणि लोन पेअरचं बटण त्यात नाहीच.